मायनं मागितलेली हार

पुणे
दि. १९ नोव्हेंबर १९७२

ती. रत्नाताईस, देवाजीचा सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. तारेत शब्द मोजून घालावे लागतात, म्हणून आता सविस्तर लिहितो. साठ किलो वजनी गटात तुझा भाऊ देशात पहिला आला. अंतिम लढत एका उंच बंगाली पोराशी होती. तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड. पहिल्यात त्याने मला इतकं बडवलं की वाटलं, आपण मांडव चुकलो, दुसऱ्याच्याच लग्नात शिरलो. दुसऱ्यात मी त्याचा दम जोखला. ठोसा मारून हात मागे घेताना हा गडी हनुवटी उघडी टाकतो, हे ध्यानात आलं. मग तिसऱ्या राऊंडला मी तिथेच मुक्काम ठोकला.

पलटणीत दोन दिवस मिठाई चालली होती. साहेबांनी स्वतः हात मिळवला आणि लान्सनाईक देवाजी कापगते आता नाईक होणार असं सांगितलं. पेपरात फोटो आला, त्याचं कात्रण सोबत आहे. डावा डोळा सुजलेला दिसतो, ती दोन दिवसांची सूज, आता उतरली. मायला फोटो दाखवशील तेव्हा तेवढ्या भागावर अंगठा ठेव. तिला सांग की हातमोज्यांत गादीसारखं भरलेलं असतं, लागत नाही.

गोमाजीमामांनी यंदाचं धान कापलं का? भाटव्यांना, तुझ्या यजमानांना, नमस्कार सांग. त्यांच्या सायकल दुकानात माझ्या नावाने चहा पाजावा लागला असेल तर त्यांनी मला माफ करावं.

माया आहे तशी राहू दे, आणि रागावणंही सोडू नकोस.

तुझा
देवाजी


अड्याळ
दि. ५ डिसेंबर १९७२

चि. देवाजीस, ताईचे अ. उ. आ.

तुझी तार आली त्याच आठवड्यात आपल्या खैरबोडीच्या मंडईची जत्रा होती. दंडारीचं नाटक रंगात आलं असताना भय्याजी सरपंचांनी ढोलकी थांबवून तुझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या त्या पडल्या, पण गोमाजीमामा उठून उभे राहिले आणि पोराला मीच घडवला म्हणून सांगू लागले. मामांनी तुला घडवलं म्हणजे आपल्या मारक्या गोऱ्ह्यापुढून पळायला लावलं, एवढंच मला आठवतं. चालायचंच. यांनी दुकानात दिवसभर चहा पाजला, तू म्हणतोस तसंच.

मायच्या बाबतीत मात्र फसले. अंगठा ठेवून फोटो दाखवला, तर तिनं माझा अंगठाच उचलून बाजूला केला. तिला वाचता येत नाही, पण सुजलेला डोळा कळायला शाळा लागत नाही. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं की हे असं कवापर्यंत करत राहीन तो. मी घाईत होते, चुलीवर दूध होतं. जिंकतो आहे तोवर खेळेल, हरला की सोडेल, असं म्हणून मी उठले.

आमच्या शाळेत तुझ्या नावानं सभा झाली. हेडमास्तरांनी मला खुर्चीवर बसवून हार घातला. चौथीला शिकवणाऱ्या बाईला आजवर कुणी खडू नीट दिला नव्हता, आणि आता हार. मी नको नको म्हटलं, पण खरं सांगते, आवडलं.

तब्येत सांभाळ. पत्राला उशीर केलास तर पुढच्या पत्रात आशीर्वाद कमी करीन.

तुझी
ताई


पुणे
दि. ११ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीनं वाच. भाटव्यांनाही दाखवू नकोस.

महिनाभर झाला, डाव्या डोळ्यापुढे काजळीचे कण उडतात. अंधारात डोळा फिरवला की कडेला वीज चमकल्यासारखं होतं. पलटणीच्या दवाखान्यात गेलो असतो तर ते कागदावर चढलं असतं, आणि कागदावर चढलं की रिंग बंद. म्हणून रविवारी साध्या कपड्यांत शहरातल्या एका खासगी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी डोळ्यात औषध घालून तासभर पाहिलं. म्हणाले, आतला पडदा एका कोपऱ्यातून सुटत चालला आहे, वेळीच उपचार करा. काम काय करता म्हणून विचारलं. मी हमाली सांगितली. तर म्हणाले, ओझी उचलू नका आणि डोक्याला मार लागू देऊ नका, नाहीतर हा डोळा जाईल. मी म्हटलं, हमालाच्या डोक्यात कोण मारतो. ते हसले, मीही हसलो. बाहेर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो तो तासभर उठवलं नाही.

ताई, नोव्हेंबरात पुन्हा राष्ट्रीय स्पर्धा आहे. तिच्यातून परदेशी जाणारा संघ निवडणार. ती एक खेळतो आणि हातमोजे खुंटीला लावतो. उपचाराला गेलो तर वर्ष जाईल, आणि या वयात गेलेलं वर्ष परत येत नाही.

कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून तुला लिहिलं. मायला कळता कामा नये. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.

तुझा
देवाजी


अड्याळ
दि. २५ फेब्रुवारी १९७३

चि. देवाजीस अ. उ. आ.

पत्र एकटीनंच वाचलं. दोन दिवस वर्गात मुलांना एकच धडा शिकवत होते, त्यांनीच सांगितलं की बाई हा झाला. हमाल म्हणून सांगताना तुझी जीभ अडखळली नाही? डॉक्टर म्हणतात ते ऐक. उद्याच्या उद्या पलटणीत खरं सांग. एक डोळा गेलेल्या माणसाला पदक काय शेकायचं आहे?

वरचा मजकूर लिहून मी पत्र मिटलं होतं. आज पुन्हा उघडलं, कारण त्यात निम्मंच खरं होतं. देवाजी, तू जिंकावंस असं मलाही वाटतं. परवा शिक्षणाधिकारी आले, तर हेडमास्तरांनी माझी ओळख तुझी बहीण म्हणून करून दिली. सासूबाई आता पाणी मागताना सूनबाई म्हणतात. तू परदेशी गेलास तर काय होईल याचे मनोरे मी भाकरी थापताना रचत असते. हे लिहायची मला लाज वाटते, पण तू मला खरं लिहिलंस, तर मी खोटं कसं लिहू?

शपथ पाळते. मायला सांगणार नाही. पण एकच स्पर्धा, त्यानंतर मी तुझं काही ऐकणार नाही.

जिवाला जप. दुसरं काय लिहू?

ताई


अड्याळ
दि. ९ सप्टेंबर १९७३

चि. देवाजीस अ. उ. आ.

पोळ्याला खैरबोडीला गेले होते. धानाची रोवणी आटोपली, शेतातल्या बांध्या हिरव्यागार आहेत, गावचा तलाव काठोकाठ भरला आहे. बैलांची पूजा झाली, पंगत बसली, आणि माय पानावर भात घेईना. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. तर गोमाजीमामा म्हणाले की तिनं भात सोडला. मातामाय देवीपुढं नवस बोलून आली आहे. मागितलेलं मिळेपर्यंत भाताचं शित तोंडात घालणार नाही.

आपल्या भागात भात सोडायचा म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. घरच्या ढोलीत वासाच्या चिन्नोरचं धान भरलेलं आहे, आणि ही बाई बाजारातून जवारी आणवून भाकर करते. तिला धड भाकर थापताही येत नाही, कडा फाटतात. काय मागितलं म्हणून विचारलं, तर सांगितलं म्हणजे फळत नाही म्हणाली. गावानं ठरवूनच टाकलं आहे की तू परदेशी जावास म्हणून नवस आहे. बाया तिला वाकून नमस्कार करतात. ती कुणाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

डोळ्याचं काय ते एका ओळीत तरी कळव. मागच्या तीन पत्रांत तू हवामान लिहिलंस.

वाट पाहणारी
ताई


पुणे
दि. २ डिसेंबर १९७३

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. एका डोळ्याला पट्टी आहे आणि मान हलवायची मनाई आहे.

अंतिम लढतीत हरलो. दुसऱ्या राऊंडपर्यंत गुणांवर पुढे होतो. मग डाव्या बाजूनं जणू पडदा ओढला. त्या बाजूनं येणारा हात दिसेना, अंदाजानं डोकं फिरवत राहिलो. समोरचा पोरगा हुशार, त्यानं ओळखलं आणि तिथंच मारत सुटला. त्याचं काही चुकलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. घंटा झाली तेव्हा मी उभा होतो, एवढं मात्र लिहून ठेव.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोठ्या डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, पण उशीर झाला होता. डावा डोळा गेला. पलटणीतून पेन्शनवर सुटका होईल असं दिसतं.

मायला हरल्याचं सांग. डोळ्याचं हळूहळू सांग.

देवाजी


अड्याळ
दि. १६ डिसेंबर १९७३

चि. देवाजीस अ. उ. आ.

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, तुझ्यापासून लपवून उपयोग नाही.

हरल्याची बातमी घेऊन मी आणि हे खैरबोडीला गेलो. गावात सुतक असल्यासारखं होतं. मामांना जेवण गेलं नव्हतं. मायला सांगितलं, तर तिनं हात जोडले, उठली, ढोलीतून चिन्नोर काढून सडला आणि भात रांधला. आम्ही सगळे बघत राहिलो. तिच्या डोक्यावर परिणाम झाला असं यांना वाटलं. पानावर बसल्यावर ती म्हणाली की मातामायनं माहं ऐकलं, मी त्याची हारच मागितली होती. हरला का सोडन, असं रत्नानंच सांगतलं होतं. आता पोरगं घरी येईन.

देवाजी, ती भात खात होती आणि इतकी सुखात होती की डोळ्याचं सांगायला माझं तोंड उघडेना. चार दिवसांनी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की मी मागाले चुकली. हार माग, पण त्याले सांभाळून हार माग, असं नाही म्हटलं. देवीनं हार देली अन् डोळा घेतला.

त्या दिवसापासून भात पुन्हा बंद. आता तो नवस नाही, शिक्षा आहे, असं म्हणते. तुझा डोळा आपण घेतला, हे तिच्या मनात पक्कं बसलं आहे.

तू लवकर ये.

ताई


खैरबोडी
दि. २० जून १९७५

ती. ताईस सा. न. वि. वि.

घरी येऊन वर्ष झालं. एका डोळ्यानं शेती होते, फक्त अंदाज चुकतो. तांब्यात पाणी ओतायला जातो आणि पायावर ओततो. बांधीच्या पाळीवरून दोनदा चिखलात गेलो. बैलांना माझी सवय झाली, ते माझ्यासाठी थांबतात.

बैल थांबतात, माय थांबत नाही. ती मला जेवू घालते, तेल लावते, कपडे धुते, पण समोर बसत नाही. नेहमी माझ्या डाव्या हाताला बसते, जिकडचं मला दिसत नाही. मान वळवली की उठून जाते. मी तिला सांगितलं की तू नवस बोललीस त्याच्या सहा महिने आधीच डोळा बिघडला होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मीच ऐकलं नाही. ती म्हणाली, तू माह्या मनासाठी बोलून राहिला. पोटचं पोर आहेस, बोलशीनच.

ताई, तुझ्याकडे माझं फेब्रुवारीचं पत्र असेल. ते घेऊन ये आणि तिच्यापुढं वाच. तू सांगितलंस तर तिला पटेल, कारण तू तिचं मन राखायला कधी खोटं बोलली नाहीस. घातलेली शपथ मी परत घेतो.

वाट पाहतो.
देवाजी


अड्याळ
दि. ६ जुलै १९७५

चि. देवाजीस अ. उ. आ.

पत्र मिळालं. या महिन्यात निघणं होत नाही. शाळा नुकत्याच सुरू झाल्या, पटनोंदणी माझ्याकडे आहे, आमच्या पोरीला, मंदाला, गोवर आला आहे. पावसात पवनीकडचा रस्ताही धड नाही. दसऱ्याला नक्की बघते.

तू म्हणतोस ते पत्र कुठं ठेवलं ते शोधावं लागेल. मायला म्हणावं, देवाच्या मनात असतं तेच होतं. तिला दूध देत जा.

सर्वांना नमस्कार सांग.

ताई


खैरबोडी
दि. १० ऑक्टोबर १९७९

सौ. ताईस,

पाच दसरे गेले. पटनोंदणी झाली, गोवर उतरला, मंदा शाळेत जायला लागली, रस्ता डांबरी झाला. तुझं पत्र अजून सापडायचंच आहे.

इकडची हकीकत अशी. लाखांदूरला तांदळाच्या एका रिकाम्या गोदामात मी मुष्टियुद्धाचा आखाडा काढून आता वर्ष झालं. पोत्यात भुसा भरून टांगला आहे. नऊ पोरं येतात. त्यातला श्रावण विदर्भात दुसरा आला. लोक मला मास्तर म्हणतात, तुझ्या बरोबरीला आलो.

मागच्या सोमवारी माय बोडीच्या तळ्यावर धुणं धुताना चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, ही बाई जेवते काय? मी काय सांगणार? अर्धी भाकर आणि मिरचीची चटणी, तेही मी ओरडलो तर. सहा वर्षं झाली. ती आपल्या हातानं आपल्याला संपवते आहे, आणि ज्या गुन्ह्यासाठी संपवते तो तिनं केलाच नाही. मी केला. आणि तुला ठाऊक होता.

तू का येत नाहीस ते मला कळतं. पत्र वाचलंस की माय विचारेल, तुला तेव्हाच माहीत होतं का. त्याचं उत्तर तुला द्यायचं नाही. पण मी माझ्या वाटणीचं सांगून बसलो, तिचा विश्वास बसत नाही. आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

यंदा भाऊबीजेला मी येणार नाही.

देवाजी


खैरबोडी
दि. ४ नोव्हेंबर १९७९

चि. देवाजीस अ. उ. आ.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुझ्या उशीखाली ठेवून जाते. तू पोरांना घेऊन नागपूरला गेल्याचं कळलं म्हणून मुद्दामच आले. तुझ्यासमोर मला जमलं नसतं. ओवाळणीचं ताट घरी तसंच राहिलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पत्र कधी हरवलं नव्हतं. लग्नातल्या शालूच्या घडीत होतं, आणि ते तिथं आहे म्हणून मी सहा वर्षं तो शालू नेसले नाही.

काल दुपारी मायला ओसरीवर बसवलं आणि वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तारीख विचारली. इंग्रजी तारीख तिला कळेना, म्हणून जुनं पंचांग काढून माघ दाखवला. माघ पहिले का पोळा पहिले, असं तिनं मला चारदा विचारलं. मी चारदा सांगितलं की हा माघ त्या पोळ्याच्या आधीचा. तिनं बोटांवर मोजलं. मग विचारलं, तुले तवाच मालूम होतं? मी हो म्हटलं. मंग काहून नाही सांगतलं?

शपथेचं नाव मी घेतलं नाही. तुझी शपथ ही माझी सोय होती. मी म्हटलं, माय, मला हार घातले होते, ते मला आवडले होते. तुला सांगितलं असतं तर तू पुण्याला जाऊन त्याला कान धरून आणला असतास, म्हणून नाही सांगितलं.

ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. तिनं चूल पेटवली. चिन्नोर रांधला. वरण केलं. पाट एकच मांडला आणि माझ्यासमोर बसून पोटभर भात खाल्ला, सावकाश, दोनदा वाढून घेतला. आणि मला जवारीची भाकर वाढली. देवाजी, तिच्या भाकरीच्या कडा अजून फाटतात. मी ती सगळी खाल्ली.

उद्या सकाळच्या गाडीनं जाते. तुला राग असेल तर तोही कळव, मी वाचीन.

ताई


खैरबोडी
दि. २५ नोव्हेंबर १९७९

चि. रत्नास आनंदाबाईचा आशीर्वाद.

(माय सांगते, मी लिहितो. एक अक्षर बदलायचं नाही अशी तंबी आहे. — देवाजी)

तू आल्ती, सांगून गेली, बरं केलं. उशिरा सांगतलं तरी सांगतलं. तुह्यावर माहा राग आहे अन् तो इतक्यात जाणार नाही. तुले भाकर वाढली तं तू रडत रडत खाल्ली, मंग मलेच कसंतरी झालं. पण भात नाही वाढला ते बरंच केलं.

मातामायले मी उगीच बोल लावला. सा साल तिच्या देवळापुढून मान खाली घालून जाऊन राहिली होती. काल नारळ फोडून आली. तिले म्हटलं, बाई, तुहा कसूर नव्हता, माह्याच लेकरायचा होता. देवाजीले म्हटलं, तू हमाल झाला तवाच मले लिहाचं होतं. मले वाचता येत नाही म्हणून का मले सांगू नये?

देवाजी पोरायले शिकवते तं शिकवू दे, त्याले दुसरं येते काय? पण मी त्याले एक गोष्ट सांगतली. कोणाच्या पोराच्या हातात मोजे घालाच्या पहिले त्याच्या मायले बोलाव. बापाले नाही, मायले. बाप टाळ्या वाजवते. तिच्यापुढं दोन पोरायले खरोखरचं लढव. लागते कसं, रगत येते कसं, तिले दिसू दे. तुहा डोळाही दाखव. मंग तिले पूस, शिकवू का म्हणून. तिनं नाही म्हटलं तं नाही. देवाजी म्हणते, असं केलं तं आखाड्यात पोरगं उरणार नाही. नाही उरलं तं नोको उरू.

संक्रांतीले ये. भात मिळन का भाकर, ते तवा पाहू.

तुही
माय

(ताई, हे सगळं तिनं माझ्यासमोर बसून सांगितलं. मलाही तुझ्यावर राग होता, आता नाही. — देवाजी)


खैरबोडी
दि. ९ फेब्रुवारी १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पेन्शनच्या कागदांचं ऐकून हसू आलं. तू वेळेआधीच शाळा सोडणार म्हणजे अड्याळची पोरं पेढे वाटतील. भाटव्यांच्या गुडघ्याला तेल पाठवतो.

लाखांदूरच्या मंडळींनी आखाड्याला माझं नाव द्यायचं ठरवलं आहे. पाटी रंगवून तयार आहे, त्यात राष्ट्रीय विजेता असं माझ्या नावाहून मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. श्रावण पोलिसात लागला, राज्यात पहिला आला, तो उद्घाटनाला येतो. तूही ये. मायच्या नियमानं आखाडा बंद पडेल असं मी म्हणालो होतो, तो पडला नाही. आजवर एकतीस आया येऊन बघून गेल्या. अठरा जणींनी हो म्हटलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांची पोरं जास्त नीट खेळतात, असं माझं मत झालं आहे, त्याला पुरावा काही नाही.

खरं लिहायचं ते पुढं आहे. तीन महिन्यांपूर्वी साकोलीकडचा बाबुलाल नावाचा पोरगा आला. सतरा वर्षांचा. मी त्याला पोत्यावर मारायला लावलं आणि माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत असे हात पाहिले नाहीत. पाय तर जमिनीला लागतच नाहीत. त्याचा बाप मोठ्या हौसेनं आला होता. नियमाप्रमाणे मी त्याच्या आईला बोलावलं. धुरपताबाई तिचं नाव. माय नेहमीसारखी लाखांदूरला आली आणि तिच्याजवळ बाकावर बसली. पोरांची लढत झाली, एकाचं नाक फुटलं. मी पापणी वर करून डोळा दाखवला. धुरपताबाईंनी सगळं बघितलं, पदर सावरला आणि नाही म्हणाल्या. बाप भांडला, पोरगा रडला. त्या दुसऱ्यांदाही नाहीच म्हणाल्या, आणि पोराला घेऊन गेल्या.

मला राहवेना. आठ दिवसांनी मी कोणाला न सांगता साकोलीची गाडी पकडली. धुरपताबाईंना समजवायचं, एकदा नाही तर दहादा, असं ठरवून गेलो. स्टँडवर उतरलो, चहा घेतला, दुसरा घेतला. तिच्या घराची वाट विचारून ठेवली होती. त्या वाटेला लागलोही, अर्ध्यातून परत फिरलो आणि आलेल्याच गाडीनं घरी आलो. ताई, तो पोरगा माझ्याहून चांगला खेळला असता. माझ्या नावाची पाटी लावण्यापेक्षा त्याला रिंगमध्ये बघायला मला जास्त आवडलं असतं. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

घरी आल्यावर मायला कुठं गेलो होतो ते सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. जराशानं तिनं विचारलं की मले तवा पुण्याले बोलावलं असतं, दाखवलं असतं, अन् मी नाही म्हटलं असतं, तं तू आयकलं असतं का? मी विचार केला. तिला बरं वाटेल असं उत्तर तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. मी म्हटलं, नसतं ऐकलं, माय. ती म्हणाली, मले मालूम आहे. तरी पुसाचं होतं.

उद्घाटन फाल्गुनात आहे, तारीख कळवतो. लोभ उतू गेला तरी चालेल, कमी पडू देऊ नकोस.

तुझा
देवाजी